जागलीची मच्छरदाणी

"तिले पानी देऊ नोको," रचनादीदी म्हणाली आणि माझ्या हातातला लोटा तिनं काढून घेतला.

आम्ही दोघी जावा बांधीच्या पारेवर, धानाच्या शेताच्या बांधावर, बसलो होतो. धान पिवळं होऊ लागलं होतं. मागं सालेकशाचं जंगल, आणि दिवस कलला की त्यातून रानडुकरं उतरतात. म्हणून दीदीचे मालक, माझे भासरे उमेंद्र, मचाणीवर नवं तणस अंथरत होते. धान कापून घरी येईपर्यंत आमचं अख्खं घर जागलीवर, पिकाच्या राखणीला, इथंच झोपतं. माझा आठ महिन्यांचा प्रफुल मांडीवर दूध पीत होता.

पारेवरून तोल सांभाळत येत होत्या दीप्ती मॅडम. लोटा त्यांच्यासाठीच भरला होता.

तीन वर्षांमागं त्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. देवरीकडच्या मजुराची लेक, आमच्यासारखंच बोलायच्या. त्या साली ह्याच दिवसांत दीदीची रिंकी तापली. चार वर्षांची पोर. मलेरिया डोक्यात चढला. गोंदियाला नेताना गाडीत मॅडमनी तिला स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं. आमगाव यायच्या आधीच ती गेली.

मी तेव्हा घरात नवी होते. मॅडम भेटायला आल्या, ते मला आठवतं. आतल्या खाटेवर सरकारी मच्छरदाणी टांगलेली, घडीच्या रेषासुद्धा मोडल्या नव्हत्या. त्या तिच्याकडेच बघत बसल्या. चहा तसाच निवला. मग कळलं, मुलांची मोठी डॉक्टर व्हायला त्यांना नागपुरात जागा मिळाली होती, ती सोडून त्या पब्लिक हेल्थ का काय ते शिकायला गेल्या.

"पोट्टी हातात मेली, भेवून पळाली," सासूबाई म्हणाल्या. गावानंही तेच धरलं. दीदीच्या लेकीला शेवटचं धरलेले हात निघून गेले, एवढंच तिला कळलं.

आणि आज त्या पुन्हा समोर. गळ्यात नळी नाही, अंगावर पांढरा कोट नाही, पाय चिखलात भरलेले.

"का वं मॅडम," पलीकडे पारेवर बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "नळी कुठी टाकली? शिकायले गेल्या अना होतं थेही विसरून आल्या का?"

"आता नळी लावत नाही, माय. गावोगाव फिरतो."

"तं डॉक्टरची मास्तरीन झाल्या म्हना."

मॅडम हसल्या. "तसंच समजा. रातच्याले कुठी झोपता, एवढं इचारत फिरून राहिलो."

"घ्या. एवढं शिकून हे इचारतेत," सासूबाई म्हणाल्या.

"घरी झोपतो," दीदी म्हणाली.

समोर मचाण, वर चार गोधड्या. तरी ती खोटं बोलली, आणि का, ते मला ठाऊक होतं. रिंकी गेल्यावर सासूबाई एकदा बोलून गेल्या होत्या, "लेकरू जंगलात नेलं तुनं." एकदाच. पण ते बोलणं घरातून कधी गेलंच नाही. मॅडमच्या तोंडून तेच निघेल, ह्याचं दीदीला भेव होतं.

भासरे मचाणीवरून उतरले. "खोटं काऊन बोलतेस? मॅडम, धान घरी येईस्तोवर हेच आमचं घर."

"मले तवा माहीत नव्हतं, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मीनं मच्छरदाण्या वाटल्या, घराघरात टांगलेल्या पाहून खूश झालो. तुमी झोपता कुठी हे इचारलंच नाही. त्या दिवशी तुमच्या खाटेवर ती कोरी मच्छरदानी पाहिली, अना मंग दवाखान्यात मन लागेना. मानसं झोपतेत कुठी, काऊन झोपतेत, बिमारी कोनत्या वाटेनं येते, हेच शिकायले गेलो."

दीदीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हंजे माह्या पोरीच्या मरनावर शिकल्या तुमी."

"हो."

मॅडमनी डोळे खाली केले नाहीत. दूर कोणीतरी टिन वाजवून पाखरं हाकत होतं.

"मंग एक सांगा. तिले इथं आनली नसती तं वाचली असती?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ह्या बाईनं आता खोटं बोलावं, असं मला फार वाटलं. 

"मच्छरदानी इथं असती तं बहुतेक वाचली असती," मॅडम म्हणाल्या. "लेकरू तं आनाचंच होतं, ताई. चार वर्साची पोर मायजवळच झोपनार. मच्छरदानी संग आना, हे सांगनं माहं काम होतं. मीनं थे केलं नाही."

दीदीला पुढचं ऐकूच गेलं नसावं. "वाचली असती," ती म्हणाली. कोणाला सांगितलं कोण जाणे. लोटा माझ्याजवळ ठेवला आणि उठून गावाकडे चालू लागली. भासरे मागं निघाले तर सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "जाऊ दे तिले." मग स्वतःच तो लोटा उचलून मॅडमपुढं केला.

दीदी आली तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. काखेत तीच खाटेवरची, रिंकीची मच्छरदाणी. पेटीत ठेवलेली, कडुनिंबाचा पाला झडला तिच्यातून. दीदीचे डोळे कोरडे होते. ती सरळ मचाणीवर चढली. मॅडमनी पिशवीतून दोरी काढली आणि दोघी चार बांबूंना कोपरे बांधू लागल्या. 

"मचानीले ही मोठी होते," मॅडम म्हणाल्या. "मापं घेऊन राहिलो. लहान शिवून मागतो."

"थे मागा. आता ही दोरी वर घ्या, डोकशाले लागते."

बांधून झाल्यावर दीदीनं माझ्या मांडीवरून प्रफुलला उचललं, आत निजवलं. "तू बी जा."

"तुमी या ना, दीदी. जागा आहे."

ती आली नाही. बाहेर बसून जाळीच्या कडा गोधडीखाली खोचत राहिली. प्रफुलच्या एका अंगाला मी होते, दुसऱ्या अंगाला त्याच्या दुपट्यांचं गाठोडं ठेवलं होतं. दीदीनं आत हात घालून ते गाठोडं बाहेर काढलं. एक पोर मावेल तेवढ्या जागेवरची गोधडी हातानं सारखी केली, आणि मग ती कड खोचली.