पंधरा ग्रॅम लाकूड

रविनाच्या घराच्या ओटीवर, खांबाला क्लँपने आवळलेला लाकडी सांगाडा पाच किलोवर मोडला. टोकाला टांगलेली बादली धपकन खाली आली आणि वाळू ओटीभर पसरली. तिची वर्गमैत्रीण भारती हातातला मग तसाच धरून बघत राहिली.

दोघी सिव्हिल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला होत्या. रविना आशागडची, भारती समुद्राकाठच्या आगरची. पालघरच्या एका कॉलेजात स्पर्धा होती. एका बाजूने घट्ट धरलेला आणि दुसऱ्या बाजूने चाळीस सेंटिमीटर हवेत पुढे आलेला सांगाडा, म्हणजे कॅन्टिलिव्हर, लाकडाचा बनवायचा. वजन पंधरा ग्रॅमच्या आत. आपल्या वजनाच्या मानाने टोकाला जो सगळ्यात जास्त भार पेलेल, तो पहिला. त्यांच्या कॉलेजातल्या दिपक सरांनी बाल्साच्या पट्ट्यांचा एक जुडगा दिला होता. हे लाकूड इतकं हलकं की फुंकर मारली तर सरकतं. जुडग्यात जेमतेम तीन सांगाडे होणार होते, त्यातला एक आता गेला.

रविनाने तुकडे उचलले. "वरच्या पट्ट्या ताणल्या जातात, खालच्या दाबल्या जातात. ही खालची बघ, बाजूला वाकली आणि तुटली."

"मग जाड घेऊ."

"वजन वाढेल गं. मध्ये आडव्या काड्या घालून खालच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना बांधू. वाकायला जागाच नाही राहणार."

रविनाची आई पुतळी चिकूच्या वाडीतल्या कामावरून आली. तिने वाळूकडे बघितलं, मग मुलींकडे. "चार दिवस बसून बनवायचं नि आपणच मोडायचं?"

"मोडल्याशिवाय कळत नाही, आई, कुठं कच्चं राहिलंय ते."

भारतीला मात्र पुतळीमावशीचंच पटलं होतं.

दुसरा सांगाडा आठ किलोपर्यंत गेला. खालच्या पट्ट्या जराही हलल्या नाहीत. सुटला तो वरचा जोड, खांबाजवळचा. पट्टी खांबाला आवळलेल्या लाकडी पाटीपासून सोलल्यासारखी निघून आली.

"आता तिसरा बनवून भार लावून बघू," रविना म्हणाली.

"तिसरा मोडायचा नाही." भारतीचा आवाज चढला. "पुढे लाकूड नाही."

"आणि न तपासता नेला, तिथं जोड सुटला तर?"

"सुटला तर सुटला. एकेक काडी मी घासलीय, रविना. तुला नुसतं मोडायचं पडलंय."

रविनाला ते लागलं. भारतीने सगळे तुटके तुकडे बिस्किटाच्या डब्यात भरले आणि डबा घेऊन ती आगरला निघून गेली.

दोन दिवस दोघींपैकी कुणीच फोन केला नाही. रविवारी सकाळी भारती डबा घेऊन ओटीवर हजर.

"सगळा कशाला मोडायचा?" चप्पल काढता काढताच ती म्हणाली. "सुटला तो जोडच ना? या तुकड्यांतून नुसता जोड बनवू. तेवढाच मोडू."

रविना तिच्याकडे बघतच राहिली. "हे मला का नाही सुचलं?"

"तुला मोडायची घाई असते ना," भारती म्हणाली आणि दोघी हसल्या.

त्यांनी दोन जोड केले. एकात पट्टी पाटीवर आधीसारखी एक बोटभर चिकटवली, दुसऱ्यात दोन बोटं. ग्लू वाळायला पुढच्या दिवसापर्यंत थांबल्या. मग पट्टीला सरळ बादली टांगून मगाने वाळू ओतली. एक बोटाचा जोड सतरा किलोला सुटला; टोकाचा भार खांबाजवळच्या जोडावर साधारण दुप्पट होऊन येतो, त्यामुळे हिशेब जुळत होता. दोन बोटांचा सव्वीसपर्यंत टिकला. तेव्हाही जोड सुटला नाही, मधली पट्टीच तुटली.

"म्हणजे जोड लाकडापेक्षा पक्का झाला," रविना म्हणाली.

तिसरा सांगाडा तसाच बनवला. वजन भरलं चौदा पूर्णांक आठ दशांश ग्रॅम. रविनाकडे कोंबड्या घरभर फिरतात, म्हणून तो भारतीकडे ठेवायचं ठरलं.

स्पर्धेच्या दिवशी पालघरला काट्यावर आकडा आला, पंधरा पूर्णांक तीन दशांश.

भारतीचा चेहरा उतरला. "माझ्याकडे ठेवला म्हणून. समुद्राची दमट हवा, लाकडाने ओल धरली. नुसता कागदात गुंडाळला होता मी."

"माझ्याही लक्षात नाही आलं," रविना म्हणाली. वजन कमी करायला परीक्षकांनी दहा मिनिटं दिली. तिने ब्लेड हातात घेतलं, पण कुठं लावायचं ते तिला ठरवता येईना. पातं एकदा खालच्या पट्टीवर टेकलं, एकदा वरच्या.

"थांब." भारतीने तिचा हात धरला. "टोकाजवळच्या या दोन काड्या काढ. दोन्ही वेळा सांगाडा मोडला तरी इथल्या काड्या धड राहिल्या होत्या. मीच डब्यात भरल्या ना, मला आठवतंय."

"तू काढ मग. तुझा हात हलका आहे."

भारतीने काड्या काढल्या. चौदा पूर्णांक नऊ दशांश.

भार चढू लागला. आठ किलो झाले. नऊ. दहाला टोक बोटभर खाली झुकलं आणि तिथंच थांबलं. रविनाने श्वास रोखला होता, भारती मात्र डोळे बारीक करून जोडाकडे बघत होती. अकरा. बाराचं वजन टांगलं, परीक्षकांनी नोंद केली, आणि पुढचा अर्धा किलो लावताच टाळी वाजावी तसा आवाज होऊन सांगाडा मोडला.

एकोणीस संघांत त्यांचा तिसरा नंबर आला. पहिल्या आलेल्या संघातली एक मुलगी नंतर मुद्दाम त्यांच्या टेबलाशी आली आणि तुटलेला सांगाडा बघू का म्हणून विचारू लागली. रविना तोंड उघडणार, तेवढ्यात भारतीनेच तो उचलून तिच्यासमोर धरला.

"हे बघ, जोड अजून तसाच आहे. तुटली ती वरची पट्टी," ती सांगू लागली. "तुमचा कुठं तुटला?"

मग दोन्ही सांगाडे शेजारी शेजारी ठेवून तिघी त्यावर वाकल्या. दिपक सरांनी रिक्षा आलीय म्हणून दोनदा हाक मारली, तरी कुणी जागचं हललं नाही.