झंकारबाबाचे पाय

"हात बघा बाबांचे. दोन्ही वर हायेत का न्हाई?"

झंकारबाबाचा चेला माइकवरून विचारत होता आणि डोंगरकडा गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दाटीवाटीने बसलेली माणसं एका सुरात 'व्हय' म्हणत होती. बाबा उंच खुर्चीवर बसला होता, कमरेपासून जमिनीपर्यंत भगवी शाल सोडून. त्याच्यापासून सहा हातांवर स्टँडवर एक की-बोर्ड होता, हार घातलेला, कुंकू लावलेला. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं. बाबाने डोळे मिटले आणि की-बोर्ड आपोआप वाजू लागला. ढोलकी, बासरी, झांजा, सगळं एकदम. बाया रडायला लागल्या, म्हाताऱ्यांनी कान धरले. मला मात्र राग आला.

मी रत्नपाल. कळमनुरीच्या आमच्या गायन पार्टीत अठरा वर्षं की-बोर्ड वाजवतो. त्यामुळे मला त्या आवाजात देव काही ऐकू आला नाही. कंपनीतून भरून आलेला ढोलकीचा ठेका ऐकू आला. तोच ठेका माझ्याही यंत्रात आहे. फार भिकार आहे, म्हणून मी तो कधी वाजवत नाही.

"ह्यो बाजा न्हाई, ह्यो देवाचा गळा हाय," बाबा म्हणाला. "विज्ञान जिथं दमतं, तिथून माझा नाद चालू होतो. विचारा. देव वाजला तर हो, गप बसला तर न्हाई."

देवाच्या गळ्याची वायर मागच्या बोर्डात खोचलेली होती, हे चारशे माणसांत कुणालाच खटकत नव्हतं.

मी हौसेने आलो नव्हतो. आमच्या पार्टीचा टेम्पो चालवणारा प्रेमदास जवळच्या तांड्यावर राहतो. त्याची बायको निता हिला मिरगीचे झटके यायचे. एकदा भाकरी करताना झटका आला आणि ती चुलीवर पडली. डावा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत आणि चौदा महिन्यांत एकही झटका आलेला नाही. आता प्रेमदासच्या आईच्या, जमनाबाईच्या मनात कुणीतरी भरवलं होतं, की हे बाहेरचं आहे आणि गोळ्यांनी ते आत कोंडलंय.

"माय माझं ऐकूनच घेईना," प्रेमदास म्हणाला होता. "भाऊ, तुमी बाजावाले. तुमी चला."

बाबाच्या समोर एक टोपली होती. पैशांची नव्हे, औषधांची. देवाचा होकार मिळाला की आपल्या गोळ्या तिच्यात टाकायच्या. कुणाच्या बीपीच्या, कुणाच्या साखरेच्या. टोपली अर्धी भरली होती. हा माणूस नुसता फसवत नव्हता, तो माणसं मारायला बसला होता.

मी टक लावून बघत राहिलो. दोन गोष्टी दिसल्या. एक, यंत्र वाजायच्या किंवा थांबायच्या जरा आधी शालीखाली बाबाचा उजवा गुडघा हलायचा. ही खोड मी ओळखतो, वाजवताना माझाही गुडघा असाच हलतो, बायको मला त्यावरूनच हसते. दुसरी, दर पाच मिनिटांनी चेला ओरडत होता, "बाबांच्या पायाला हात लावू न्हाई, पायात अग्नी हाय. लांबूनच नमस्कार." पाया पडू न देणारा बाबा मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

जमनाबाईचा नंबर आला. तिने निताला पुढे बसवलं आणि हात जोडले.

"बाबा, हिच्या गोळ्या बंद करू का?"

गुडघा हलला. ढोलकी सुरू झाली. जमनाबाईने निताच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि टोपलीत टाकली. निताने भाजलेला हात पदराखाली घेतला.

मी उठलो. "त्याच्या पायाखाली पेडल हाय. शाल वर करा."

"तुमचा देवावर इस्वास न्हाई, मंग आला काहून?" मागून कुणीतरी गुरगुरलं. दोघांनी माझे दंड धरले. मला दाराकडे ओढत असताना मी ओरडून सांगितलं, ते जमनाबाईला.

"मावशी, देवानं एवढा मोठा कौल दिला, आन तुमी पायावर डोकं न ठेवताच चालल्या?"

हे तिला लागलं. ज्या बाईने उभ्या जन्मात पाहुण्यालाही पाया पडल्याशिवाय वाटेला लावलं नाही, तिला हा ठपका सहन होईना.

"अग्नी हाय, माय, अग्नी," चेला आडवा आला.

"असू दे. पोळलं तर पोळलं." तिने त्याला बाजूला सारलं आणि शालीवरूनच बाबाच्या पायांवर कपाळ टेकवलं.

ढोलकी बंद पडली.

जमनाबाईने डोकं उचललं. पाया पडायचं ते तीनदा. तिने पुन्हा टेकवलं, ढोलकी सुरू. तिसऱ्यांदा टेकवलं, बंद. मग तिने कपाळ चोळलं आणि शाल वर केली. बाबाच्या अनवाणी पायांखाली दोन काळी पेडलं होती, विटेएवढी. त्यांच्या वायरी सतरंजीखालून थेट देवाच्या गळ्यात गेल्या होत्या.

"माय, असली पेडलं तर मी रोज टेम्पोत चढवतो," प्रेमदास म्हणाला.

जमनाबाईने बाबाचे पाय धरून बाजूला केले. अग्नी वगैरे काही नव्हता. मग तिने एका पेडलवर हात ठेवला.

"गोळ्या बंद करू?" दाबलं, वाजलं. पुन्हा दाबून थांबवलं. "गोळ्या चालू ठेवू?" दाबलं, वाजलं. थांबवलं. "ह्याला खेटरानं हाणू?" तेही वाजलं.

माझे दंड सुटले. मी पुढे जाऊन सांगितलं, की चाल यंत्रात आधीच भरलेली असते. एका पेडलने ती सुरू होते आणि थांबते, दुसऱ्याने मध्येच तबल्याचा तुकडा वाजतो. हात गुंतलेल्या वाजवणाऱ्याची ती सोय आहे. माझ्याही पायाखाली असते. फक्त माझ्या पायावर शाल नसते.

"पण हात तर वर होते," एकजण अजूनही म्हणत होता. त्याच्यापुढे मी हात टेकले.

बाबा मागच्या दाराने निघाला होता, पण तिथे प्रेमदासने टेम्पो आडवा लावला. आम्ही रीतसर तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो वापरायला हवा.

पण तो दिवस मला आठवतो तो नितामुळे. गोंधळ चालू असताना तिने टोपलीत हात घातला, आपली पाकिटं शोधून काढली आणि सासूकडे पाणी मागितलं. जमनाबाईने स्वतःच्या हाताने तांब्या भरून आणला. निताने सगळ्यांसमोर गोळी घेतली. मग एक म्हातारा उठला आणि आपल्या साखरेच्या गोळ्या शोधू लागला. त्याच्यामागे बाकीचेही उठले. सगळे नाही उठले.

न उठलेल्यांसाठीच हे लिहिलं आहे. कुणी हात वर करून चमत्कार दाखवत असेल, तर पाय दाखव म्हणा. दाखवत नसेल, तर घरी जा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाचीही गोळी बंद करू नका, देव कितीही तालात वाजला तरी.