बायकांची बॅच

उजवीकडचा स्पंज काही केल्या सरळ बसेना. तिने कॉस्च्युमच्या आत हात घालून तो वर सरकवला, तसा तो काखेकडे पळाला. काखेतून ओढून आणला, तर रुमालाच्या घडीसारखा मधोमध दुमडला. बाहेर पोहण्याच्या तलावाच्या काठावर बायकांचा गलका सुरू झाला होता. सगळ्यांना कोचला बघायचं होतं. पावणेदोन वर्षांनी कोच परत येणार म्हणून एरवी आळस करणाऱ्यासुद्धा आज वेळेवर हजर होत्या.

"कोच, आत झोपलात की काय?" बेकरीवालीचा आवाज आला. पहाटेपासून भट्टीपुढे उभी राहून ती थेट तलावावर यायची, आणि तिचा आवाज भिंतीपलीकडूनही खणखणीत ऐकू यायचा.

"आले, आले!"

तिने शेवटचं एकदा आरशात बघितलं. समोरून ठीक होतं. बाजूने बघायचा धीर झाला नाही. गळ्यात शिटी अडकवून, टॉवेल छातीशी धरून ती बाहेर पडली.

खरं तर हे स्पंज घालायचं तिच्या डोक्यातही नव्हतं. जुना कॉस्च्युम कपाटातून काढून घातला, तेव्हा पोटावर तो नीट बसला, मांड्यांवर बसला, आणि वर मात्र सुरकुत्या पडून लोंबत राहिला. हे तिला अपेक्षित नव्हतं. बाळंतपणानंतर बायका सुटतात, पोट पुढे येतं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तिचं पोट तीन महिन्यांत जागेवर आलं होतं. पाजायची तेव्हा छाती तर इतकी भरलेली असायची, की दुकानात कुणा परक्याचं मूल रडलं तरी तिला पान्हा फुटायचा आणि पिशवी छातीशी धरून घर गाठावं लागायचं. मग एके सकाळी भोपळीने, म्हणजे तिच्या मुलीने, तोंड फिरवलं आणि टेबलावरच्या कपाकडे बोट दाखवलं. झालं. त्यानंतर जे ओसरायला लागलं ते ओसरतच गेलं. आधीचं होतं ते परत आलं नाही आणि मधलं होतं ते राहिलं नाही. उरलं ते तिसरंच काहीतरी, मऊ, खाली बघणारं, त्यातही डावं उजव्यापेक्षा लहान.

आईला सांगितलं तर आई म्हणाली, "लेकरं झाली की व्हायचंच. त्यात काय एवढं?" थोरली बहीण म्हणाली, "रोज दंड-बैठका काढ, पहिल्यासारखं होतं." दोघींचं बोलणं ऐकून ती आणखीनच गोंधळली. व्हायचंच असेल तर व्यायाम कशाला? आणि पहिल्यासारखं म्हणजे कसं? पहिलं कसं होतं, हे तिने कधी नीट बघितलंच नव्हतं. हात, पाय, पाठ, खांदे, पोहणाऱ्या बाईला एवढ्यांशीच काम असतं. छाती नुसती बरोबर यायची.

मग वाईट कशाचं वाटतंय, हे तिला सापडत नव्हतं. दिसण्याचं म्हणावं, तर ती नटवी कधीच नव्हती. दूध सुटल्याचं म्हणावं, तर ज्या दिवशी सुटलं त्या दिवशी ती सुटका झाल्यासारखी दुपारभर तंगड्या पसरून झोपली होती. आणि उठल्यावर उशी ओली होती.

बायकांनी तिला गराडा घातला. कोण म्हणे बारीक झालात, कोण म्हणे चांगल्या भरलात. वर्गात दोघी जावा होत्या. एकीने चहा म्हटलं की दुसरी कॉफी म्हणणार, असा त्यांचा खाक्या. इथेही एक म्हणाली, "कोच अगदी आहे तश्शीच आहे," आणि दुसरी लगेच म्हणाली, "छे, पार बदलली." मोठ्या बाई तेवढ्या आधीच पाण्यात उतरून गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या आल्या की बायका अजून पाठ ताठ करायच्या.

"चला, पाण्यात! आज पाठीवर तरंगायचं," तिने शिटी वाजवली.

एवढं बोलून ती अडली. पाठीवर तरंगायला शिकवताना तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. काठावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून ती ओरडायची, छाती वर! छाती छताला दाखवा! लाजू नका! आज ते वाक्य तिला म्हणवेना.

"पोट वर!" ती म्हणाली.

बायकांनी पोट वर केलं आणि एकामागून एक बुडाल्या. बेकरीवाली नाकातोंडात पाणी जाऊन खोकत उभी राहिली.

"कोच, पूर्वी तुम्ही छाती म्हणायचात."

"तेच ते."

"तेच कसं? पोट वर केलं की बूड खाली जातं. जरा करून दाखवा बघू."

आता सुटका नव्हती. ती पाण्यात उतरली, मान मागे टाकली आणि आडवी झाली. कानांत पाणी भरलं तसा सगळा गलका दूर गेला. क्षणभर बरं वाटलं. शरीराला सगळं आठवत होतं, कुठे सैल सोडायचं, कुठे श्वास धरायचा. हात फिरवत ती तलावाच्या मध्यापर्यंत गेली, वळली आणि उभी राहिली.

समोर पाण्यावर एक स्पंज तरंगत होता. अंगाच्या रंगाचा, गोल, वाटीसारखा फुगीर.

दोन्ही हात आपोआप छातीवर गेले. पाण्यात राहावं की बाहेर पळावं, झडप घालून तो पकडावा की दिसलाच नाही असं करावं, काही सुचेना. स्पंज मजेत गिरक्या घेत उथळ बाजूकडे निघाला होता. आता हसतील, तिला वाटलं. कोच म्हणून एवढी वर्षं यांच्यावर ओरडले, आता बसतील दात काढत.

पण कुणी हसलं नाही. तिने मान वर केली. बेकरीवाली थंडी वाजल्यासारखी हाताची घडी घालून उभी होती. एरवी भट्टीची ऊब अंगात घेऊन येणारी बाई. थोरल्या जावेचा तळहात छातीवर होता, धाकटीचे दोन्ही. दोघी एकाच वेळी एकच गोष्ट करताना कुणी कधी बघितल्या नव्हत्या. मागच्या रांगेतल्या सगळ्या गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. आणि सगळ्यांचे डोळे त्या स्पंजवर.

"माझा नाही हं," बेकरीवाली म्हणाली.

"माझा पण नाही," थोरली जाऊ.

"माझ्याकडे काय बघता? माझा नाही," धाकटी.

कुणी विचारलंच नव्हतं. स्पंज काठाला जाऊन टेकला आणि तिथे हलकेच धडका देत राहिला. ती पुढे झाली, एक हात छातीशी तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तो उचलला, पिळला आणि काठावर तरंगायच्या फळ्यांशेजारी ठेवला.

"फळ्या घ्या," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचाच वाटला नाही.

उरलेला वर्ग तिने एका हाताने शिकवला. नवल म्हणजे बायकाही एका हातानेच शिकल्या.

बायका पांगल्यावर ती कपडे बदलायच्या खोलीत शिरली, कडी लावली आणि कॉस्च्युमचे पट्टे खाली केले. डावीकडचा स्पंज जागेवर होता. उजवीकडचा काखेत जाऊन चिकटला होता, पण होता. दोन्ही होते. ती बाकावर बसली. हसू येईल असं वाटलं, आलं नाही. रडूही आलं नाही. दोन्ही स्पंज मांडीवर घेऊन ती नुसती बघत राहिली. मग ज्याची भीती वाटली ते झालंच नव्हतं तर! आणि झालं नव्हतं, तरी ते सगळ्यांना झालं होतं.

दारावर टकटक झाली.

"पोरी, मी आहे."

तिने टॉवेल गुंडाळला आणि कडी काढली. मोठ्या बाई कोरड्या कपड्यांत, केस पुसत उभ्या होत्या. मुठीत तो स्पंज होता.

"माझा आहे," त्या म्हणाल्या. "तू उगीच विचारत बसशील म्हणून सांगायला आले."

"तुमचा?"

"का? मला छाती नाही का?"

मोठ्या बाई आत येऊन बाकावर बसल्या. मांडीवरून खाली ठेवलेले दोन स्पंज त्यांनी पाहिले, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

"मला तीन मुलं. तिघंही अंगावर पिऊन वाढली. धाकट्यानंतर आरशात बघितलं आणि म्हटलं, हे काय? शाळेत जायचं, फळ्याकडे तोंड करून शिकवायचं, त्यामुळे निभावलं. मग हे आणले. तेव्हापासून घालते."

"यजमानांना... म्हणजे, ते काही म्हणायचे?"

"त्यांना कळलंच नाही कधी. आता तर ते जाऊनही खूप वर्षं झाली."

"मग आता कोणासाठी?"

शाळेतल्या मुलीने अभ्यासाबाहेरचा प्रश्न विचारावा तसा मोठ्या बाईंचा चेहरा झाला.

"सवय," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "नाही, सवय नाही. मला सांगता नाही यायचं बाई."

"कधी जातं हे?" तिने विचारलं.

"काय?"

"हेच. हे वाटणं."

"कोणतं वाटणं?"

आता तिची पाळी होती. लाज म्हणावं तर तेवढीच नव्हती. राग नव्हता. भोपळीला कपातून घटाघट दूध पिताना बघून जे व्हायचं, ते ह्यातच धरायचं की वेगळं?

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

"मलाही नाही," मोठ्या बाई उठल्या. "तुला कळलं तर मला सांग. आणि पुढच्या वेळी पोट वर म्हणू नकोस. बुडून मरतील बायका."

घरी आली तेव्हा नवऱ्याने भोपळीला आंघोळ घालून आणलं होतं. त्याचं चष्म्याचं दुकान आज बंद होतं. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा हा माणूस घरी आपल्याकडे बघत नाही, असं तिने बहिणीजवळ एकदा चेष्टेत म्हटलं होतं. दोघी हसल्या होत्या, आणि नंतर ती एकटीच तो विनोद उगाळत बसली होती. मागच्या वर्षभरात त्याचा हात तिच्या खांद्यावर यायचा, पाठीवर यायचा, कमरेवर यायचा. पुढच्या बाजूला कधी नाही. तिने त्याचा अर्थ लावून टाकला होता आणि तो कुणाला सांगितला नव्हता.

भोपळी ओल्या केसांनी खुर्ची ढकलत दुसऱ्या खोलीत गेली.

"कसा झाला पहिला दिवस?" त्याने विचारलं.

"तुला आता आवडत नाहीत ना?" ती म्हणाली. असं काही विचारायचं तिने ठरवलं नव्हतं.

"काय?"

तिने हाताने दाखवलं. तो बघत राहिला. मग टॉवेलची घडी घालू लागला, घडी मोडली, पुन्हा घालू लागला.

"तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"मी? काय म्हणाले होते?"

"भोपळी महिन्याची होती. तुझ्या छातीत गाठी झाल्या होत्या, ताप होता. माझा चुकून हात लागला तर तू किंचाळलीस. म्हणालीस, हात लावायचा नाही, हे आता तिचे आहेत."

"असं म्हणाले मी?"

"शब्दन् शब्द."

ताप आठवत होता. गरम पाण्याची फडकी आठवत होती. हे वाक्य काही आठवत नव्हतं. दुसऱ्याच कुणी बाईने आपल्या तोंडून म्हटल्यासारखं वाटलं.

"आणि तू ते अजून धरून बसलास? तिचं पिणं सुटूनही महिने झाले!"

"तू काही म्हणाली नाहीस."

"अरे, मग विचारायचं!"

"काय विचारणार? तू दिवा बंद करून कपडे बदलायचीस. मला वाटलं, तुला नको आहे."

तिला त्याचा राग आला, आणि तो राग पुरता यायच्या आत त्याची कीव आली, आणि त्याच्या जोडीला स्वतःची. ती पलंगाच्या कडेला बसली. केसांतून क्लोरिनचा वास येत होता.

"मग आता विचार," ती म्हणाली.

तो तिच्या शेजारी बसला, जरा अंतर ठेवून. काय विचारणार हे तिला ठाऊक होतं. उत्तरही तिने तयार ठेवलं होतं, हो म्हणायचं, पण दिवा राहू द्यायचा की नाही, एवढंच ठरत नव्हतं.

"तुला आठवण येते का गं?" त्याने विचारलं.

पलीकडच्या खोलीत खुर्ची भिंतीवर आदळली आणि भोपळी स्वतःशीच खिदळली. तिने तिकडे मान वळवली. हात नकळत, भोपळीला पाजायला घेतल्यासारखा, छातीशी दुमडला.

"कोणाची?" ती म्हणाली. "ती तर इथेच आहे."

तिने पुन्हा त्याच्याकडे बघितलं, आणि तो डोळे पुसायला टॉवेल पुढे करतोय, हे लक्षात आल्यावर तिला कळलं, की आपण रडतोय.