काठावर ओढलेली बोट

रविनानं माहेरी जायचं ठरवलं, तेव्हा बोट काठावर ओढलेली होती. आणि बोटीशिवाय त्या पाड्यावरून बाहेर पडायला धड वाट नव्हती.

तिचा सासरा रामसिंग धरणानं तुंबलेल्या नर्मदेच्या फुगवट्यात बोट चालवायचा. पाड्यावरची माणसं, धान्याची पोती, तापानं फणफणलेली लेकरं, मोलगीच्या बाजारात विकायच्या कोंबड्या, सगळं त्या एका लोखंडी बोटीतून पलीकडच्या धक्क्यावर जायचं. तिथून पुढं जीप. डोंगरातून एक पायवाट होती, पण ती अर्धा दिवस खायची, आणि मधल्या अरुंद नाळेत दगड सुटलेले होते.

रविना म्हसावदकडची. तिच्या आईच्या दारावरून एसटी जायची. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा बोटीत बसली की डोळे मिटून घ्यायची. नवरा पवन भरूचला कारखान्यात होता. दरवर्षी तो होळीला यायचा, अंगाला राख फासून, कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचायचा. यंदा आला नाही. सातपुड्यात होळीला न आलेला माणूस एक तर मेलेला असतो, नाहीतर त्यानं दुसरीकडं घर केलेलं असतं. पवन मेला नव्हता. टेकडीवर चढून फोन लावला की त्याची रिंग वाजायची.

उन्हाळ्यात पाणी उतरलं तशी रामसिंगनं बोट वर घेतली. बोटीच्या बुडाला वर्षभराचं शेवाळ केसांसारखं लोंबत होतं, त्यात बारीक शिंपले गच्च बसले होते. बोट जड चालायची, डिझेल प्यायची. पाड्यावरच्या गड्यांनी दोर लावून, खाली गोल ओंडके सरकवत ती चढावर ओढली. एक जाड ओंडका मधोमध राहिला, दुसरा मागं मशीनच्या खाली, आणि दोन्ही बाजूंना टेकू. बुडातलं बूच काढून आतलं पाणी वाहू दिलं. मग गडी आपापल्या कामाला गेले, आणि खरवडायला उरले सासरा नि सून.

पहिल्याच दिवशी रविनानं सांगून टाकलं, "बा, बोट पाण्यात गेली की मी आईकडं जाते. परत यायची नाही."

रामसिंग पत्र्यावर घासत होता. त्यानं हात थांबवला नाही. "जा," तो म्हणाला. "आधी बूड साफ होऊ दे."

ती उताणी पडून खरवडायची. गंज, वाळलेलं शेवाळ, शिंपल्यांचा चुरा डोळ्यांत, तोंडात पडायचा. कुजलेल्या माशासारखा वास अंघोळीनंतरही जायचा नाही. पत्रा उघडा झाला, तसा रामसिंगनं शेवाळ धरू नये म्हणून लावतात त्या लाल रंगाचा डबा काढला. एक हात झाला. दुसरा झाला. मग तो म्हणाला, इथं पोपडा धरलाय, पुन्हा घासायला लागेल. ती बघायची तर तिथं काहीच नसायचं. रोज संध्याकाळी तो बोटीभोवती फिरून बोटानं पत्रा चाचपायचा आणि उद्याचं काम काढायचा. एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की हे काम संपणारच नाही. पोरगा परत यायचा नाही हे म्हाताऱ्याला कळलंय, आणि सून जाऊ नये म्हणून तो बोट पाण्यात जाऊ देत नाहीये.

त्या दिवशी अख्खा पाडा डोंगरापलीकडं लग्नाला गेला होता. राहिले हे दोघं, आणि गुडघे गेलेली शेजारीण कौसाबाई.

"झालंय सगळं," रविना म्हणाली. "गडी आले की उद्या लोटू."

"मागच्या ओंडक्याखालची जागा राहिलीये. तिथं रंग नाही."

"मग आज लावू."

"ओंडका सरकवावा लागेल. माणसं येऊ दे. दोन दिवस जाऊ दे."

"दोन दिवसांनी तू आणखी काहीतरी काढशील."

रामसिंग पुन्हा बोटानं पत्रा चाचपायला लागला. ते चाचपणं बघून तिचं डोकं फिरलं. तिनं पहार उचलली आणि मागच्या ओंडक्याची पाचर ठोकायला लागली. "पोरी, थांब, अशी नाही निघायची ती," म्हणत तो खाली सरकला. एका हातानं त्यानं ओंडका धरला, दुसऱ्यानं पाचर सैल करायला गेला. पाचर निसटली. ओंडका एकदाच गरकन फिरला, आणि बोटीचा मागचा भाग मशीनच्या वजनासकट खाली बसला.

आवाज फार मोठा झाला नाही. पण रामसिंगच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून कौसाबाई झोपडीतून बाहेर आली.

त्याचा डावा पाय गुडघ्याखाली ओंडका आणि बोट यांच्यात धरला गेला होता. बाकीचं अंग बोटीच्या बाजूला बाहेर होतं. रविनानं पहार घालून उचलायचा प्रयत्न केला. पहार पत्र्यावरून घसरली. तिनं खाली उकरून पाहिलं, चार बोटं चिखल निघाला आणि मग काळा पाषाण लागला. कौसाबाईनं आणि तिनं मिळून बांबू लावला. बांबू मोडला.

"मी डोंगरातून जाते. लग्नातनं माणसं आणते," रविना म्हणाली.

"जाऊ नको."

"बा, इथं आम्ही दोघी काय करणार?"

"जाऊ नको," तो पुन्हा म्हणाला, आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

तेवढ्यात तिला आपल्या चपला दिसल्या. सकाळी तिनं त्या पाण्यापासून लांब, कोरड्या दगडावर काढून ठेवल्या होत्या. आता त्या तरंगत होत्या.

रामसिंगनंही बघितलं. "वरच्या धरणातून पाणी सोडलंय," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत दीड हात चढेल."

टेकडीवरून फोन करावा, तर लग्नाच्या पाड्यावर रेंज नव्हती. माणसं आणायला डोंगर ओलांडून जायचं म्हणजे येईपर्यंत अंधार. रविना खाली बसली. तिचं मनगट अजून त्याच्या हातात होतं. आयुष्यभर दोर ओढलेला हात होता तो. पाणी बोटीच्या मागच्या टोकाला लागलं, मग ओंडक्याला, मग त्याच्या अडकलेल्या पायाला.

"पवन यायचा नाही," रामसिंग अचानक बोलला.

"माहीत आहे."

"तिथं बाई आहे त्याची."

"तेही माहीत आहे, बा. होळीलाच कळलं."

"तू गेलीस तर मी एकटा काय करू? बोट कोण धरील, मशीन कोण बघील? म्हणून..." त्याला पुढं बोलवेना.

रविनाला त्याची कीवही आली आणि चीडही आली. असल्या वेळी हा माणूस आपल्याला अडवतोय की माफी मागतोय, हे तिला कळेना. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं होतं. तो कोपरांवर रेटा देऊन छाती वर धरत होता.

बोटीकडं बघता बघता तिच्या मनात आलं, की बोट म्हणजे तरंगायची वस्तू. पाणी याला बुडवणार, तेच पाणी बोटही उचलणार. आधी काय होतं, एवढाच प्रश्न. आणि त्याच क्षणी तिला बोटीच्या आतून बुडबुड ऐकू आली. बूच काढलेलं होतं. पाणी भोकातून आत शिरत होतं, आणि भरलेली बोट उचलणार नव्हती.

"बा, सोड. भोक बुजवायचंय."

त्यानं सोडलं नाही. त्याचे डोळे भलतीकडंच लागले होते. तिनं हात ओढला, तशी त्याची पकड आणखी आवळली.

"सोड! बोट भरतीये!"

"जाऊ नको."

मग तिनं वाकून त्याच्या मनगटाला चावा घेतला. जोरात घेतला, रक्ताची चव लागेपर्यंत. त्यानं ओरडून हात सोडला, आणि ती उठून बोटीत चढली.

बूच कुठंच सापडेना. तिनं मोडक्या बांबूचा तुकडा घेतला, ओढणी फाडून त्याला घट्ट गुंडाळली, वीतभर पाण्यात हातानं भोक चाचपलं आणि दगडानं ठोकून ठोकून ती गुंडाळी आत बसवली. कौसाबाई काठावरून ओरडली, "डबा घे गं, उपस!" तिनं रंगाच्या रिकाम्या डब्यानं पाणी बाहेर फेकायला सुरुवात केली. डिझेलचा जादा कॅन फेकला, लोखंडी नांगर फेकला. पाणी तळाशी आलं, पण बोट हलेना.

"पुढं वजन टाका," खालून रामसिंगचा आवाज आला. आता तो शुद्धीवर होता. "पुढं दाबलं तर मागं उचलेल. मधल्या ओंडक्यावर तोलेल ती."

कौसाबाई, जिला उंबरा ओलांडायला काठी लागायची, ती बसून सरपटत दगड ढकलत होती, आणि रविना ते उचलून बोटीच्या पुढच्या टोकाशी रचत होती. दगड संपले तेव्हा तिनं म्हातारीलाच काखेत धरून उचललं आणि टोकावर बसवलं. "इथून हलू नको, काकी."

"आता कुठं हलते मी," कौसाबाई म्हणाली, आणि देवमोगरा मातेचं नाव घेऊ लागली.

रविना पाण्यात उतरली. रामसिंगच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. तिनं त्याच्या मानेखाली हात घातला आणि डोकं आपल्या खांद्यावर वर धरलं. पाणी त्याच्या ओठांशी यायचं, मागं जायचं. तो नाकानं श्वास घेत होता. त्याच्या चावलेल्या हातातून पाण्यात लाल धागा सुटत होता. तिला वाटलं, पहार मीच उचलली. मग वाटलं, यानं मला इतके दिवस कोंडून ठेवलं नसतं तर मी उचलली नसती. दोन्ही खरं होतं, आणि कशाचाच त्या वेळी उपयोग नव्हता. ती फक्त त्याचं नाक पाण्याबाहेर धरून बसून राहिली. किती वेळ, तिला पुढं कधी सांगता आलं नाही.

बोट उचलली ती फार हळू. आधी लोखंड कुरकुरलं. मग ओंडका सुटून वर आला आणि तिच्या मांडीला धडकला. तिनं सगळा जोर लावून त्याला मागं ओढलं. पाय निघाला, पण नडगी मधूनच वळलेली होती. तिनं खालून रेटून आणि कौसाबाईनं वरून ओढून त्याला कसाबसा बोटीत घेतला.

मशीन चालू करताना तिनं त्याला शंभरदा पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या झटक्याला ते धरलं. टोकावरचे दगड तिनं पाण्यात लोटले, तशी बोट मधल्या ओंडक्यावरून सुटली. रामसिंग तळाशी आडवा पडून कण्हत होता, कौसाबाई डब्यानं पाणी उपसत होती, आणि ओढणीच्या गुंडाळीभोवतून झिरपतच होतं. नवा रंग लावलेली बोट पाण्यावरून इतकी हलकी चालली की रविनाला ती आवरेना. धक्क्यावर एक जीप उभी होती. ड्रायव्हरनं आतली माणसं उतरवली आणि रामसिंगला आडवा घातला.

रामसिंगच्या पायात सळई घातली. पावसाळाभर पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी पाड्यावरचा बाज्या नंदुरबारला दवाखान्यात आला. धिप्पाड, चाळिशीचा माणूस, दारात चप्पल हातात घेऊन उभा राहिला. "बोट धक्क्यावरच आहे," तो रविनाला म्हणाला. "आमच्यात कोणाला चालवता येत नाही. पावसाच्या आत धान्य न्यायचंय."

खाटेवरून रामसिंग म्हणाला, "बोट तिची आहे. आजपासून तिचीच."

"मला बोट नको होती, बा," रविना म्हणाली. "मला जायचं होतं."

"माहीत आहे."

दवाखान्याबाहेर माहेरच्या वाटेची, शहाद्याची एसटी लागलेली तिला खिडकीतून दिसत होती. रविना गेली नाही. धान्यापुरतं करते, असं तिनं बाज्याला सांगितलं. धान्य झालं, मग एका बाळंतिणीला न्यायचं निघालं, मग शाळेची पुस्तकं, मग साप चावलेला एक गडी. प्रत्येक खेप शेवटची असायची. लोक तिला आदरानं हाक मारू लागले, आणि प्रत्येक हाकेनं तिला आपल्या पायात आणखी एक वेढा पडल्यासारखा वाटायचा. रामसिंग ओट्यावर बसून बोटीचा आवाज ऐकायचा. ती घरी आली की भाकरी पुढं सरकवायचा. जाऊ नको असं तो पुन्हा म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

मात्र पहिल्या खेपेपासूनच तिनं बाज्याला शेजारी बसवला होता. तो हळू शिकत होता, पाण्याला घाबरत होता, आणि दोनदा त्यानं बोट बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर घातली. ती त्याच्यावर ओरडायची आणि पुन्हा सुकाणू त्याच्याच हातात द्यायची.

दिवाळीनंतर एका सकाळी तिनं रामसिंगच्या पाया पडून पिशवी उचलली. तो काठी टेकत काठापर्यंत आला. "आईला राम राम सांग," एवढंच म्हणाला. तोंड मात्र त्यानं पाण्याकडं फिरवून घेतलं होतं.

बाज्यानं तिला पलीकडं सोडलं. ती चढ चढून जीपमध्ये बसली. जीप भरल्याशिवाय हलत नसते. मागच्या बाकावर दोन बाया आणि एक पोतं यांच्यात ती दाटीवाटीनं बसली. खाली पाड्याकडं जाणारी माणसं बोटीत बसली होती आणि बाज्या मशीनला झटके देत होता. मशीन धरेना. एकदा, दोनदा, पुन्हा. बोटीतली सगळी डोकी एकेक करून वर, जीपकडं वळली. कुणी हाक मारली नाही.

रविनाचा हात जीपच्या दांडीवर गेला. शेजारची बाई पाय आखडून घेत म्हणाली, "उतरायचंय का?"

खाली बाज्या घाम पुसत होता.

"नाही," रविना म्हणाली. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि पोत्याला रेलून बसली. ड्रायव्हर आणखी एका माणसासाठी ओरडत होता.