थोरलीच्या मापाचा पुतळा

शहात्तर वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच. थोरली जाऊबाई जाऊन बारा वर्षं झाली, पण तिची जागा काही रिकामी होईना, मग धाकटीनं मोठं व्हायचं कसं?

शिलाईच्या खोलीत कोपऱ्यात पुतळा उभा होता. दोघी जावा मिळून बायकांचे कपडे शिवायच्या, तेव्हा थोरलीनं कापूस ठासून तो स्वतःच्या मापाचा करून घेतला होता. "माझ्या अंगावर बसलं की जगाच्या अंगावर बसतं," म्हणायची. ती गेली, तिचं अंग मात्र तिथंच राहिलं. धाकटी रोज संध्याकाळी पुतळा भिंतीकडे वळवायची आणि सकाळी तो दाराकडे वळलेला असायचा. सून म्हणायची, झाडताना धक्का लागत असेल. लागत असेल बाई! पण ती तर दुपारी झाडायची.

आता धाकटीच्याही छातीत गाठ निघाली होती. कॅन्सरच. तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "आजी, तुमची तब्येत ठणठणीत आहे, ऑपरेशन झेपेल. नुसत्या गोळ्यांनीही गाठ काही काळ दबून राहील, पण पुढे पुन्हा वाढू शकते. नुसतं वय बघू नका, तुम्हाला काय हवंय ते सांगा." धाकटी तोंड उघडणार तोच मुलगा म्हणाला, "आम्ही ठरवून फोन करतो." आम्ही म्हणजे कोण, ते विचारायचं राहूनच गेलं.

आज तो फोन करायचा होता. धाकटी शिलाईच्या खोलीत होती आणि शेजारच्या खोलीत मुलगा आणि लेक बोलत बसले होते. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर नुसता पडदा होता.

"या वयात कशाला चिरफाड?" लेक म्हणाली. "गोळ्यांवर सुखानं राहील."

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. शब्द न् शब्द तोच. थोरलीच्या गाठीच्या वेळी याच पडद्याआडून तो थोरल्या दिरांच्या तोंडून ऐकला होता. तेव्हा थोरली इथेच काजं करत बसली होती, आणि तिच्या कानावर काही पडू नये म्हणून धाकटीनं मशीन जोरात चालवलं होतं. वेडी माया, दुसरं काय! थोरलीनं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "धाकटे, मी मेले का गं? मग माझ्याबद्दल माझ्यावाचून का बोलतात?" धाकटीनं ऐकलंच नाही असं दाखवलं. गोळ्यांनी दोनेक वर्षं निभावलं, मग गाठ वाढतच गेली.

खडखड, खडखड!

धाकटी दचकून वळली. क्षणभर तिला थोरलीच दिसली. पण मशीनवर होती ती सून. मान खाली, डोळे भरलेले, पायडल नुसतं हाणत होती. सुईखाली कापडच नव्हतं.

माया तीच होती. म्हणून तर धाकटी घाबरली, गाठीलाही घाबरली नव्हती एवढी. तिनं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"ऐकू दे गं मला."

"आई, तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"होऊ दे की! गाठ माझी, त्रासही माझाच."

जाता जाता ती पुतळ्यापाशी थांबली. "ताई, तुला काय हवं होतं गं? ऑपरेशन, की गोळ्याच?" आजवर पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. पुतळा काय बोलणार, कपाळ! कदाचित थोरलीनंही गोळ्याच मागितल्या असत्या. ते आता कधीच कळणार नव्हतं, आणि धाकटीला रडू कोसळलं.

डोळे पुसून तिनं पडदा सारला. मुलानं फोन लावलेला होता.

"इकडे दे."

"अगं आई, आम्ही तुझ्याच भल्यासाठी..."

"माहीत आहे रे राजा. दे."

"बोला, काय ठरलं?" पलीकडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ठरलं नाही, मी ठरवलं," धाकटी म्हणाली. "ऑपरेशन करायचं."

सून पडद्याशी येऊन उभी होती, मागची खोली रिकामी. तरी तिथून, दोरा दातानं तोडावा तसा आवाज धाकटीला स्पष्ट ऐकू आला.