शिशाची बांगडी

शेवटच्या साध्यासुध्या दिवशी बाबा एका शब्दकोशाची बांधणी करत होते. पुस्तकबांधणी हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. हात फार थरथरायचा म्हणून त्यांनी छापखान्यातल्या जुन्या अक्षरखिळ्यांचं शिसं एका कापडी पट्टीत शिवून घेतलं होतं. ती पट्टी मी त्यांच्या मनगटावर बांधायची. मग वजनाने हात ताळ्यावर यायचा आणि सुई भोकात जायची. "तुझ्या आईला बांगड्या करायच्या राहून गेल्या," ते म्हणायचे, "स्वतःला मात्र केली." जीभ जड झालेली, एवढं बोलायलाही वेळ लागे. आतून आई टोला हाणायची, मिरवा आता.

त्या दुपारी एक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा एक जुडगा, उलटा शिवला गेला. ही पानं वाचताना गिऱ्हाइकाची मान मोडणार, म्हणून बाबा कितीतरी वेळ हसत राहिले. मग मध्येच थांबून त्यांनी वर्षाकाठी एकदा तरी विचारायचे तेच विचारलं. तुझ्या हेडमास्तरांनी शाळेच्या पुस्तकांचं काम का काढून घेतलं असेल? आपली तर एकही शिवण सुटली नव्हती. असेल काही, असं नेहमीसारखं म्हणून मी फर्मा उसवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी चहाचा घोट श्वासनलिकेत गेला. आजाराने गिळणंही अवघड केलं होतं. त्यातून न्यूमोनिया झाला आणि पाचव्या दिवशी ते गेले.

काम का गेलं, हे मला ठाऊक होतं. मी सातवीत होते. बाबा बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन शाळेत आले, जिन्यात त्यांचा झोक गेला आणि पुस्तकं घरंगळत खाली आली. मुलं हसली. हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, रोज घेतात का गं? तेव्हा आजाराला नाव नव्हतं. तीन डॉक्टर झाले होते. एकाने अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं होतं. ज्याला नावच नाही ते सांगायचं कसं? दारुडा बाप सगळ्यांना कळतो. मी होकारार्थी मान हलवली. हेडमास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शाळेच्या वाचनालयाची किल्ली मला देऊन टाकली. मी खरं वाचायला शिकले ती त्या किल्लीवर.

नाव बारा वर्षांनी कळलं. अटॅक्सिया. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग झिजत जातो. बाबांनी ते कागदावर लिहून घेतलं, पाठ केलं आणि भेटेल त्याला सांगू लागले. लोक मान डोलवत ऐकायचे आणि हळूच वास घ्यायचे. मी शेजारी उभी असायची. एकदाही त्यांच्या बाजूने बोलले नाही. बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

बाबा गेल्यावर दहाव्या दिवशी हेडमास्तर भेटायला आले. खूप थकले होते. बसल्यावर आईला म्हणाले, माणूस सोन्यासारखा, हातात कला. तेवढं एक व्यसन नसतं तर. आईला काहीच कळेना. ती माझ्याकडे पाहू लागली.

"सर," मी म्हटलं, "बाबांनी दारूला कधी हात लावला नाही. त्यांना अटॅक्सिया होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं, ते खोटं होतं. त्यांचं काम माझ्यामुळे गेलं, आणि मी त्यांना ते शेवटपर्यंत सांगितलं नाही."