साच्यावरचं नाव

मी एक साचा आहे, आणि मला भयंकर राग आलाय. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू गरीब आणि सोशिक असतात, असं म्हणतात. फाटकी छत्री म्हणे रडते, मोडकी खुर्ची म्हणे आशीर्वाद देते. त्यांचं सोशिकपण त्यांना लखलाभ. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

मी गणपतीचा साचा. आतून रबराचा, बाहेरून प्लास्टरच्या दोन जाड कवचांचा. जन्म जोह्याचा. पेणहून एसटीने आलात तर भातखाचरं दिसतील आणि त्यांच्या कडेला एकाला एक लागून कारखाने. आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपतीचाच. उन्हात पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, दारात काथ्याचे ढीग, आणि कुणाच्याही बोटाला पाहाल तर रंग लागलेला.

माझ्याआधी मातीचं मॉडेल झालं. ते केलं हरेशने. लोडाला टेकून निवांत बसलेला गणपती, पोट सुटलेलं, सोंड डावीकडे. सगळं मनासारखं जमलं, पण मोदकाचा हात काही केल्या वळेना. तेव्हा हरेशने शेजारच्या कारखान्यातल्या हिरामणला हाक मारली. जोह्यात हात वळवावेत ते हिरामणनेच. त्याने तो हात केला, मोदक ठेवला, आणि ठेवताना मोदकात त्याचा अंगठा रुतला. तो बुजवायला निघाला तर हरेश म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे. लहान पोरानं दाबल्यावानी दिसतो." तो राहिला. माझ्या पोटात त्या जागी एक उंचवटा आहे, आणि माझ्यातून निघालेल्या प्रत्येक गणपतीच्या मोदकावर एक खळी असते.

मग मॉडेलवर रबर चढलं, वर प्लास्टर चढलं, आणि प्लास्टर ओलं असताना हरेशने खिळ्याने माझ्या पाठीवर कोरलं : हरेश, जोहे.

हे नाव नीट ध्यानात ठेवा. सगळी आग तिथूनच लागली. लग्नकार्याला शेजारी द्यायच्या पातेल्यावर आपण नाव घालतो ना, तसं ते होतं. पातेलं घराबाहेर जाणार असतं आणि फिरून घरी यायचं असतं, म्हणून नाव. फडताळात बसून राहणाऱ्या पातेल्यावर कोण नाव घालतंय? मी फिरणार होतो. आमच्या गावात चांगला साचा एका घरात बसत नाही. थोडे दिवस आमच्याकडे, मग हिरामणकडे, मग कुणी मागेल त्याच्याकडे. याला पाळी म्हणतात. भाडं नाही, लिखापढी नाही. मला उचलायला दोन माणसं लागतात. एक बाजू देणाऱ्याने धरायची, दुसरी नेणाऱ्याने, अशी रीतच आहे.

पुढे हरेश नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला जाऊ लागला आणि कारखाना त्याच्या बायकोच्या, चंद्रावतीच्या हातात आला. बाईचं तोंड तिखट आणि हात हलका. शाडू माझ्यात भरताना ती कोपऱ्याकोपऱ्यात बोटं घालते, म्हणून तिच्या गणपतीची नखंसुद्धा साफ उमटतात. हिरामणची करामत आखणीत. तो डोळे लिहितो तेव्हा शेजारच्या कारखान्यातली माणसं काम टाकून बघत उभी राहतात. देव एकच, पण ओळखणारे ओळखतात की हा चंद्रावतीचा आणि हा हिरामणचा.

पूर्वी गिऱ्हाईक आपला पाट आणून देई आणि मूर्ती ठरवून जाई. आता पाट घेऊन येतंय कोण! सगळं मोबाइलवर. चंद्रावतीची मुलगी दिपिका पेणच्या कॉलेजात शिकते. हिरामणचं पेज आधीपासून होतं, मग तिनेही आमच्या कारखान्याचं पेज काढलं, फोटो टाकले. बघता बघता रोह्याची, त्याच्या शेजारच्या अष्टमी गावची, पार पुण्याची बुकिंगं त्या पेजवर येऊ लागली. अष्टमीच्या विमलबाईंना दरवर्षी "मोदकावर खळीवाला"च लागतो, त्यासुद्धा नातवाकरवी पेजवरूनच कळवू लागल्या. पाट आणणारे थांबले. कारखान्याचं दार रस्त्यावरून उचलून त्या पेजवर नेऊन बसवल्यासारखं झालं, आणि त्या दाराची किल्ली आमच्याकडे नव्हती.

यंदा ऐन बुकिंगच्या दिवसांत पेज बंद झालं. दिपिकाने मोबाइल पुढे धरून वाचून दाखवलं : तुमचे फोटो दुसऱ्याच्या फोटोंची नक्कल असल्याचे आढळले आहे.

चंद्रावती हसलीच. "नक्कलच हाय. साच्यातून काढल्यावर दुसरं काय निघनार?"

"आई, हसू नको. पेज गेलं आपलं. सगळी बुकिंगं त्यातच हायत."

"गेलं म्हंजे? कुनी घालवलं?"

"कंपनीनं. म्हंजे कंपनीच्या मशीननं."

"मग कंपनीत जाऊ. गेट कुठं हाय तिचं?"

"गेट नाय गो तिला."

"अशी कशी कंपनी? तुझ्या बापाच्या कंपनीला गेट हाय, वॉचमन हाय, चिट्ठी दिली की सायेब भेटतो. हिला गेटच नाय?"

तिला गेट नाही. हे मला अजून पचत नाही. ज्यांनी सगळ्या गावाची दारं आपल्या घरात नेली, त्यांच्या घराला दार नाही! दिपिकाने तक्रार लिहिली, तर क्षणात उत्तर आलं की तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. माणूस उत्तर द्यायला निदान चष्मा तरी शोधतो. ही समजूत यंत्राची होती. पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच समजूत. यंत्राने काय पाहिलं असेल? एकाच साच्यातले गणपती दोन पेजांवर पाहिले, जुनं पेज हिरामणचं म्हणून ते खरं, आणि आमचं नवं म्हणून चोर. झाला न्याय.

मग दिपिका कट्ट्यावर गेली. हा कट्टा म्हणजे इंटरनेटवरची मराठी मंडळींची चर्चेची जागा. रोह्याच्या ऋजुता नावाच्या वकीलबाई तो चालवतात. नवे फोन, मोठ्या कंपन्या, सरकारचे डिजिटल नियम, सगळ्याचा तिथे काथ्याकूट चालतो. दिपिकाने आमची हकीकत साध्या शब्दांत लिहिली. लोक तुटून पडले. ती दुपारी काम करता करता आईला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी कोपऱ्यात ऐकत बसायचो.

पहिल्याने विचारलं, डिझाइन नोंदवलं होतं का? दुसरा म्हणाला, देवावर कसला हक्क सांगता? श्रेयस नावाच्या एका गृहस्थाने मध्यस्थ कंपन्यांच्या जबाबदारीवर असा लांबलचक लेख ठोकला की शेवटी आम्ही कुठल्या बाजूचे हेच कळेना. एकीने लिहिलं, ग्रामीण कलाकारांनी आता डिजिटल साक्षर व्हायला हवं. एकाने छातीठोक सांगितलं की ही पोस्ट यंत्रानेच लिहिली आहे, अशी मुलगी जगात नाही. ती मुलगी तेव्हा कोपरापर्यंत शाडूत होती. मग कुणीतरी विचारलं, मूर्ती शाडूची की प्लास्टरची? त्यावर जी जुंपली ती जुंपली. एकमेकांचे आईबाप काढून झाले आणि आमचं पेज राहिलं बाजूला.

तळपायाची आग मस्तकात जात होती माझ्या. अरे, इतकी हुशार माणसं तुम्ही! नियमांची कलमं तोंडपाठ. त्या बिनदाराच्या कंपनीवर सगळ्यांनी मिळून एक धडक द्यायचं सोडून आपसात कसले फड रंगवता?

त्यातल्या एकाने मात्र उपाय सांगितला. मालकीचा दावा टाका, त्यासाठी वेगळं बटण असतं. पुरावा म्हणून मूळ वस्तूचा फोटो लावा. एव्हाना मी पाळीने हिरामणकडे गेलो होतो. दिपिका धावत तिथे गेली.

"काका, साच्याचा एक फोटो काढू?"

"काढ की गो पोरी. विचारतेस काय?"

त्याने स्वतः ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली आणि नाव नीट दिसावं म्हणून मला उजेडाकडे तिरका केला. दिपिकाने फोटो लावला. ही कलाकृती तुमची आहे का, असं तिथे विचारलं होतं. तिने हो म्हटलं. खोटं काय होतं त्यात? आमच्या गावात साच्याला "हरेशचा" म्हणतात, कारण फिरून यायचं घर त्याचं. वापरतात सगळे. पण यंत्राला पातेल्यावरच्या नावातलं काय कळतंय? त्याने नाव वाचलं आणि मालक ठरवला.

दोनच दिवसांत पेज परत आलं. कट्ट्यावर फटाके फुटायचे तेवढे राहिले. कट्ट्याचा विजय, सामान्य माणसाचा विजय! ऋजुताताईंनी ती हकीकत यशोगाथा म्हणून सगळ्यांत वर लावली. चंद्रावतीने त्या दिवशी गोडाचा शिरा केला आणि वाटीभर हिरामणच्या घरी पाठवला.

त्यानंतर एका सकाळी हिरामणने मला उचललं. एकट्याने. दोन माणसांचं ओझं त्याने खांद्यावर घेतलं आणि तसाच, धापा टाकत, चंद्रावतीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं.

"वयनी, तुमची वस्तू."

"अवो भावजी, तुमची पाळी संपली कुठं? आनि एकट्यानं कशाला उचललात?"

"नाव हाय ना तुमचं त्याच्यावर. माझं पेज बंद केलंनी. खाली लिवलंय, दिपिका हरेश यांच्या तक्रारीवरून. मी चोर हाय म्हनं."

तो आवाज चढवून बोलला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्याचा अंगठा माझ्या कडेवर होता. त्याने तो उचलला आणि मागे न बघता गेला.

दिपिका रडायलाच लागली. "आई, मी काकांचं नाव कुठंच घेतलं नाय गो! मी फक्त हो म्हटलं."

"मग आता नाय म्हन."

"दावा मागे घेतला की आपलं पेज पुन्हा बंद होईल. मी वाचलंय."

दिपिकाने कट्ट्यावर विचारलं. तिथली मंडळी विजयाच्या कैफात होती. तुमचा प्रश्न सुटला ना, मग दुसऱ्याचा पुळका कशाला? तो तुमचा स्पर्धकच आहे. श्रेयस यांनी तर लिहिलं की तांत्रिकदृष्ट्या हा निकाल योग्यच आहे. स्पर्धक! ज्याच्या अंगठ्याचा ठसा माझ्या पोटात आहे, तो आमचा स्पर्धक!

ऋजुताताईंनी मात्र फोन केला. दिपिकाने तो स्पीकरवर लावला.

"चंद्रावतीताई, चूक आमचीही आहे. विचार न करता आम्ही नाचलो. मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिते, वर अपीलही करू. पण त्याला वेळ लागेल आणि तुमचा सीझन थांबणार नाही. दावा मागे घेतलात तर हिरामणभाऊंवरचा चोरीचा ठपका जाईल, पण नव्याने तपासणी होईपर्यंत तुम्ही दोघंही बंद. ठेवलात तर निदान तुम्ही तरी चालू राहाल. निर्णय तुमचा आहे."

फोन ठेवून चंद्रावती बराच वेळ शाडू मळत राहिली. सीझन गेला तर वर्ष गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. शेल्फावर कच्चे गणपती वाळत होते, सगळ्यांच्या मोदकांवर तीच खळी. तिने एकाच्या खळीत आपला अंगठा घालून पाहिला. तो सैल पडला.

"दिपे, काढ तो दावा."

"आई, नीट विचार कर."

"केलाय. मशीनला कळत नाय, ते मी समजू शकते. मला कळत असून मी तसंच वागले, तर माझ्यात नि तिच्यात फरक काय? काढ."

दिपिकाने दावा मागे घेतला. दोन्ही पेजं बंद झाली. ती आजही बंद आहेत. अपील कुठल्या तरी यंत्राच्या पोटात पडलंय आणि आमची गैरसोय ते अजून समजू शकतंय.

मग चंद्रावती हात धुऊन हिरामणच्या अंगणात गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण तिचं तिखट तोंड त्या दिवशी बराच वेळ मऊ चाललं असणार, कारण परत आली ती त्याला घेऊनच. तो उंबऱ्यापाशी घुटमळला.

"वयनी, तुमचं पेज चालू होतं. कशाला घालवलंत?"

"भावजी, पाळी तुमची हाय. धरा त्या बाजूनं. माझ्या एकटीच्यानं उचलत नाय."

त्याने धरलं. एका बाजूला ती, एका बाजूला तो, आणि मी मध्ये. दिपिका पुढे होऊन वाटेतली पाटी-घमेली बाजूला करत होती.

आता मी हिरामणकडे आहे. शाडू भरताना त्याचा अंगठा रोज त्या उंचवट्यापाशी येतो आणि जरासा थांबतो. दिपिका लोकांच्या दारोदार जाऊन पुन्हा पाट मागून आणते आहे, दोन्ही कारखान्यांसाठी. काही मिळालेत. अष्टमीच्या विमलबाईंचा अजून आलेला नाही. यंदाचं काय होईल, मला सांगता येत नाही, आणि गोड शेवट सांगायला मी बांधील नाही.

कट्ट्यावर आमचा विषय मागे पडला. तिथे आता कुठल्याशा नव्या फोनच्या कॅमेऱ्यावरून भांडण लागलंय. भांडा बाबांनो. पण पुढच्या वेळी कुणा चंद्रावतीला "दावा ठोका" असं सांगाल, तेव्हा तो दावा कुणाच्या डोक्यात बसणार आहे तेवढं आधी विचारा. आणि त्या कंपन्यांना गेट ठेवायला लावा. आत एक माणूस बसवा, जो चष्मा शोधेल, मान वर करेल आणि विचारेल, काय झालं बाई?

त्याने जर साचा कुणाचा म्हणून विचारलं, तर माझ्या पाठीवरचं नाव त्याला दाखवू नका. मला उचलून दाखवायला सांगा. एकट्याने.